मानवशास्त्र कोणाच्या बाजूने?

मावळात महादेव कोळी, ठाकर, कातकरी राहतात. त्यांच्यातला विद्यार्थी लोणावळ्याहून पुण्यात राखीव जागेवर शिकायला निघाला, की मानवशास्त्र त्याला वाटेत गाठते. कुलदैवत कोणते, लग्नविधी कोणते, मर्तिकाचे संस्कार कसे, यावरून त्याच्या जमातीचा दावा तपासला जातो. हीच आप्तभाव चाचणी.

१९९४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला पडताळणीत स्थान दिले. बनावट आदिवासींनी राखीव जागा लाटू नयेत, हा हेतू रास्तच होता. पण शहरात वाढलेल्या पोराला आजोबांचे विधी सांगता आले नाहीत, तर तो आदिवासी उरत नाही काय? मार्च २०२३ मध्ये याच न्यायालयाने महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केले, की ही चाचणी निर्णायक नव्हे. घटनापूर्व काळातील कागद अधिक मोलाचे.

पण भूमिहीन कातकऱ्याकडे कागद कुठले? येथे मी विद्यापीठांना जबाबदार धरतो. वाड्यांवर प्रबंध लिहून पदव्या मिळविणाऱ्यांनी आपल्या नोंदी घेऊन पडताळणी समितीपुढे साक्षीला उभे राहावे. शिक्षकांनी शाळेची जुनी रजिस्टरे, कार्यकर्त्यांनी कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी शोधाव्यात. प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबत नाही.