उन्हाची बेगमी

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, कॅल्गरीच्या दक्षिणेला ओकोटोक्स हे गाव आहे. कडाक्याच्या थंडीत तिथे पारा उणे तीसच्या खाली उतरतो. तिथल्या ड्रेक लँडिंग वसाहतीतली 52 घरे 2007 पासून मुख्यतः उन्हावर उबदार राहिली, आणि तेही उन्हाळ्यात साठवलेल्या उन्हावर.

थंड प्रदेशात ऊन आणि गरज यांची गाठ पडत नाही. जूनमध्ये ऊन मुबलक, पण घर तापवायचे नसते. जानेवारीत हुडहुडी भरते तेव्हा दिवस लवकर मावळतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडया घालून वर्षाची बेगमी करतात, तशीच बेगमी इथे उष्णतेची केली गेली.

गॅरेजच्या छपरांवर सुमारे 800 सौर संग्राहक बसवले. त्यांत तापलेले ग्लायकोलमिश्रित पाणी आपली उष्णता ऊर्जाकेंद्रातल्या टाक्यांना देई. तिथून जादा उष्णता जमिनीत मुरवली जाई. त्यासाठी एका उद्यानाखाली सुमारे 35 मीटर खोलीची 144 विवरे खणली होती आणि प्रत्येकात नळी सोडली होती. उन्हाळ्यात गरम पाणी मधल्या विवरांत शिरे आणि निवत निवत कडेला बाहेर पडे. हिवाळ्यात प्रवाह उलटा: कडेने शिरलेले पाणी तापत तापत मध्यातून निघे. त्यामुळे गाभा सर्वांत गरम राही आणि भोवतालच्या मातीत उष्णता कमी वाया जाई.

ऊन कमी पडलेच तर ऊर्जाकेंद्रात नैसर्गिक वायूचे बॉयलर सज्ज होते. जमीन एका वर्षात तापत नाही; सुरुवातीला बॉयलरवरच बराच भार होता. तो हळूहळू उतरला आणि 2015-16 च्या हंगामात घरे तापवण्याची सगळी गरज सूर्याने भागवली. या प्रकल्पाचे शहाणपण मला या जोडीत दिसते. नव्या तंत्राला मुरायला वेळ मिळाला, आणि तोवर कुणाला गारठावे लागले नाही.

पुढे यंत्रणा थकली. बिघाड वाढले, सुटे भाग मिळेनात. 2024 मध्ये ती बंद करायचे ठरले आणि घरांसाठी गॅसभट्ट्यांचा मार्ग धरला गेला. ही हार सूर्याची नाही आणि मातीचीही नाही. डेन्मार्कमध्ये शंभराहून अधिक गावांना सामाईक सौर उष्णता मिळते, त्यामुळे तिथे भाग बनवणारे आणि दुरुस्ती जाणणारे हातही आहेत. ड्रेक लँडिंग मात्र एकटे पडले. असे प्रकल्प उभारायला पैसा मिळतो. पुढची तीस वर्षे ते सांभाळायची तरतूद पहिल्याच दिवशी व्हायला हवी.