साहेबांविरुद्धची तक्रार घेणार कोण?

तुमच्या ऑफिसात ‘पॉश’चं ट्रेनिंग झालं असेलच. कॉन्फरन्स रूम, कंटाळवाण्या स्लाइड्स, मागच्या रांगेतले दबके विनोद आणि शेवटी समोसे! मीही अशी दोन-तीन सेशन्स अटेंड केलीयत. पण हाच 2013चा कायदा पोलीस ठाण्यालाही लागू आहे, हे कधी डोक्यात आलंय? आपण जिथे तक्रार घेऊन जातो, तिथे नोकरी करणाऱ्या बाईनं कुठे जायचं?

तमिळनाडूचं प्रकरण बघा. फेब्रुवारी 2021, मुख्यमंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त. विशेष पोलीस महासंचालक राजेश दास यांनी एका महिला आयपीएस अधिकाऱ्याला गाडीत घेतलं आणि प्रवासात तिचा लैंगिक छळ केला. ती तक्रार द्यायला चेन्नईला निघाली, तर दुसऱ्या जिल्ह्याच्या एसपींनी वाटेतच तिची गाडी अडवली! मद्रास हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली, तपासावर नजर ठेवली. जून 2023 मध्ये विळुपुरमच्या कोर्टानं दास यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली; फेब्रुवारी 2024 मध्ये सत्र न्यायालयानं ती कायम ठेवली. गाडी अडवणाऱ्या एसपींना दंड झाला 500 रुपये. आपलं दोन कॉफ्यांचं बिल.

ही गत आयपीएस बाईची. मग कॉन्स्टेबलचं काय? तिची ड्युटी, रजा, बदली, सगळं वरच्यांच्या हातात. ज्याला रोज सॅल्यूट ठोकायचा, त्याच्याविरुद्ध अर्ज लिहायचा, तोही तीन महिन्यांच्या आत (सबळ कारण असेल तर आणखी तीन).

म्हणूनच मला या कायद्यातलं सर्वांत महत्त्वाचं कलम वाटतं ते बाहेरच्या सदस्याचं. अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, हे ठीकच. पण एक सदस्य खात्याबाहेरचा, स्वयंसेवी संस्थेतला वगैरे लागतो. तो कुणाला सॅल्यूट करत नाही! शिवाय तक्रार खुद्द ‘एम्प्लॉयर’विरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. चौकशी 90 दिवसांत संपवायची, आणि तेवढ्या काळात बाईला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते.

कागदावर सगळं छान. मे 2023 मध्ये, गोव्यातल्या एका प्राध्यापकाच्या केसमध्ये, सुप्रीम कोर्टाला सरकारी खात्यांना सांगावं लागलं की समित्या खरंच नेमल्यात का, ते आधी तपासा. कायदा येऊन दहा वर्षं झाल्यावर!

समिती नेमल्याचा आदेश दर्शनी भागात लावणंही सक्तीचं आहे. पासपोर्ट व्हेरिफिकेशनसाठी ठाण्यात जाल तेव्हा बाकावर बसल्या बसल्या भिंतीवर तेवढा शोधा. आणि तारीख बघा. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते.