कासिदाची जोडी आणि गोदावरीचा पूर

गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला लोक शनीच्या दर्शनाला जातात. इतिहासाची आवड असलेल्यांना तिथे माधवराव पेशव्यांची हैदराबादच्या निजामाशी झालेली लढाई आठवते. त्या लढाईचं मर्म मात्र मला पत्रं नेणाऱ्या कासिदात दिसतं.

अठराव्या शतकातली फौज चालायची ती त्याच्या पायांवर. लाखोटा सांभाळत तो निघे, बहुधा जोडीने. जुन्या कागदांत कासिदांची 'जोडी' रवाना होते ती यासाठी, की एक आजारी पडला किंवा पकडला गेला तर दुसऱ्याने मजल पुरी करावी. मजकूर नाजूक असला, तर तोच दुसऱ्या जोडीबरोबर पुन्हा धाडत. फारच घाई असली की सांडणीस्वार. माणूस चुकणार, वाट अडणार हे धरूनच ही रीत बसवलेली होती, आणि तिच्या या शहाणपणाचं मला फार अप्रूप वाटतं.

पण भर पावसाळ्यात गोदावरीला उतार मिळत नाही. 10 ऑगस्ट 1763 रोजी निजाम, म्हणजे निजामअली, काही फौजेसह पैलतीरी गेलेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेलं सैन्य घेऊन दक्षिण काठावर, राक्षसभुवनला अडकला. नेमकं तेव्हाच अठरा वर्षांचे माधवराव आणि त्यांचे चुलते रघुनाथराव मजल दरमजल करत येऊन भिडले. निकराची लढाई झाली, विठ्ठल सुंदर मारला गेला. निजामअली समोरच्या काठावरून हे बघत होता. कुमक सोडाच, एक हुकूमही त्याला पलीकडे पोहोचवता येईना. पुढे औरंगाबादच्या तहात त्याला 82 लाखांचा मुलूख सोडावा लागला.

बत्तीस वर्षांनी हाच निजामअली बीडच्या सीमेलगत, खर्ड्याला पुन्हा हरला. या वेळी मध्ये नदी नव्हती. 11 मार्च 1795 च्या लढाईनंतर रात्री मराठ्यांची एक लहान तुकडी घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर आली. तिथल्या मोगलांनी, म्हणजे निजामाच्या शिपायांनी, गोळ्या झाडल्या, शेजारी असलेल्या, निजामाचा फ्रेंच सरदार रेमंड याच्या पहारेकऱ्यांनीही झाडल्या. भरल्या बंदुका उशाशी घेऊन निजलेली रेमंडची पलटण दचकून उठली आणि अंधारात बार काढत सुटली. मराठे चालून आले, अशी हूल उठली. सामानसुमान टाकून लष्कर पळालं, निजामाने खर्ड्याचा किल्ला गाठला आणि तो तिथेच कोंडला गेला. ओढ्यावर पाण्याला आलेले थोडेसे स्वार होते, एवढाच निरोप छावणीभर फिरवणारा कोणीतरी हवा होता. पण त्या अंधारात त्याच्यावरही बार निघालेच असते.