🌿 *सीतेची वेणी म्हणजे बांडगूळ नव्हे!*



परवा एका आंबा बागेत साफसफाई चालू होती. बांडगुळाबरोबर सीतेची वेणीही कोयत्याने खरवडून खाली टाकलेली दिसली. दोन्ही फांदीवरच वाढतात, म्हणून गल्लत होते.

*बांडगूळ:* फांदीत मूळ घुसवून झाडाचं पाणी, अन्नद्रव्यं शोषतं. चिकटलेल्या जागी गाठ दिसते. फळं धरण्याआधी गाठीच्या खालून फांदीसकट कापा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा.

*सीतेची वेणी:* ही आमरी, म्हणजे ऑर्किड. पानं जाड, पट्ट्यासारखी. पांढरट मुळं सालीवर उघडी दिसतात. ती नुसती साल धरतात, आत शिरत नाहीत. पावसाचं पाणी आणि हवेतला ओलावा त्यांना पुरतो.

सह्याद्रीच्या जंगलात आणि कोकणातल्या जुन्या आंबा-फणसावर हिचं घर. मे-जूनला गुलाबी-पांढरे तुरे लोंबतात. बी धुळीइतकं बारीक, त्यात अन्नसाठा नसतो. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच रुजतं. म्हणून एकदा खरवडली, की परत यायला बरीच वर्षं जातात.

तेव्हा कोयता लावण्याआधी मूळ बघा. शंका वाटली तर याच नंबरवर फोटो पाठवा, मगच कापा. 🙏