जाता जाता मारलेले प्यादे

आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात प्यादे सहसा एकेक घरच चाले. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला पहिल्या चालीत दोन घरे जाता येते. ही सवलत घेऊन ते शत्रूच्या प्याद्याचा मारा चुकवत त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले, तर ते एकच घर चालले असे मानून त्याला मारता येते. या नियमाचे फ्रेंच नाव 'आँ पासाँ', म्हणजे जाता जाता. हा हक्क लगेचच्या खेळीपुरताच. ती हुकली की गेला.

नाशिकचे विदित गुजराथी २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाले. त्यांच्या पिढीचा सराव संगणकी इंजिनाशिवाय होत नाही. पण हा एवढासा नियम इंजिनाला शिकवताना प्रोग्रामरची कसोटी लागते.

पहिली अडचण स्मरणाची. नुसता पट पाहून प्यादे आत्ताच दोन घरे आले की आधीपासून तिथे आहे, हे कळत नाही. म्हणून त्याने ओलांडलेले घर वेगळे नोंदवावे लागते आणि पुढच्या खेळीनंतर पुसावे लागते. खेळी मागे घेतली, तर जुनी नोंदही परत आणावी लागते.

दुसरी अडचण अधिक फसवी. समजा, पांढऱ्याचा राजा ए-५, हत्ती बी-४, प्यादी बी-५, ई-२, जी-२. काळ्याचा राजा एच-४, हत्ती एच-५, प्यादी सी-७, डी-६, एफ-४. पांढरा ई-२ चे प्यादे ई-४ ला नेतो. काळ्याने एफ-४ च्या प्याद्याने ते जाता जाता मारून ई-३ वर जावे का? इंजिन पाहते की पांढरा हत्ती आणि काळा राजा यांच्यामध्ये दोन प्यादी आहेत. एक हलले तरी दुसरे आड राहील. पण या माऱ्यात मारणारे आणि मरणारे, दोन्ही प्यादी चौथ्या ओळीतून एकदमच जातात आणि राजा उघडा पडतो. म्हणजे खेळी बेकायदा. उपाय असा, की या माऱ्यापुरते दोन्ही बदल पटावर करून मगच राजाला शह बसतो का ते तपासावे.

ही स्थिती इंजिनांच्या चाचणीसाठी प्रसिद्ध आहे. पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक, अशा खेळ्यांच्या सगळ्या जोड्या मोजल्या तर १९१ भरतात. वरची चूक राहिली तर १९३: ई-४ नंतर एक आणि जी-४ नंतर एक खोटा मारा. फरक दोनचाच; पण अशा अशक्य खेळीवर उभे राहिलेले पुढचे सारे विश्लेषण फुकट जाते आणि त्यावर विसंबलेला खेळाडू प्रत्यक्ष डावात फसतो.