पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही
अस्थिफ्लोरोसिस (फ्लोराइड वर्षानुवर्षे हाडांत साचून सांधे आखडण्याचा विकार) गढूळ पाण्याने होतो आणि पाणी उकळले की टळतो, हा समज चुकीचा आहे. फ्लोराइड खडकांतून भूजलात विरघळते; पाणी नितळच दिसते. मिठाचे पाणी आटवले की अधिक खारट होते, तसेच फ्लोराइडचे. उकळल्याने जंतू मरतात, म्हणून ती सवय सोडू नये. हाडांना मात्र तिचा उपयोग नाही. मग एकाच बोअरवेलचे पाणी पिणाऱ्या सर्वांना त्रास का होत नाही? शंका रास्त आहे. रोज किती पाणी पोटात जाते, किती वर्षे, आहारात कॅल्शियम किती, यावर ते ठरते. उन्हात राबणारा मजूर साहजिकच जास्त पितो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत बोअरवेलचे पाणी प्रयोगशाळेत जरूर तपासून घ्यावे.