क्लॅनाड: वाचायच्या खेळाची मालिका होताना
जपानच्या 'की' या ब्रँडचा 'क्लॅनाड' २००४ मध्ये व्हिज्युअल नॉव्हेल म्हणून आला: पडद्यावर चित्र, सोबत मजकूर, मागे संगीत, अधूनमधून खेळाडूने निवडायचे पर्याय. पात्रागणिक कथेची वाट वेगळी. त्या वाटा पुऱ्या करत प्रकाशाचे गोळे जमवले की 'आफ्टर स्टोरी' ही पुढची कथा उघडते. क्योटो अ‍ॅनिमेशनच्या २००७ ते २००९ मधल्या मालिकेत दिग्दर्शक तात्सुया इशिहारांना या कथा एकाच धाग्यात ओवाव्या लागल्या. त्यात पहिला हंगाम थोडा रेंगाळतो, हे खरेच. दुसऱ्यात मात्र फुलांच्या शेतात हरवलेला खेळण्यातला रोबो शोधणारी छोटी उशिओ येते. रडायचे ते संडासात किंवा बाबांच्या कुशीत, असे तिला शिकवलेले असते. तिचा बाबा तोमोया तिला जवळ घेतो, तेव्हा कुठे ती रडते.